मठार

शर्वरी मॅडम म्हणाल्या, फोन कानाच्या भोकाशी धरू नका काका,
थोडा वर, मागं, यंत्राचा माइक आहे तिथं.
मी धरला.
दहीपुलावर एकानं विचारलं, डोकं दुखतंय का?

ते जुनं यंत्र. फोन जवळ नेला की शिट्टी मारायचं,
कुंदा आतून विचारायची, किती झाल्या?
फोन वाजायच्या आधीच कानात टिरटिर सुरू व्हायची,
घरात सगळ्यांआधी मला कळायचं, कुणीतरी येतंय.
कोण, ते मात्र कळायचं नाही.
हॅलो तेवढं माझं. पुढचं सगळं हो.
हो म्हणता म्हणता एका साखरपुड्याला जायचं राहिलं,
आणि एका दहाव्याला मी पेढे घेऊन गेलो.

चाळीस वर्षं तांबट लेनमध्ये पत्रा ठोकला.
घंगाळं, हंडे, बंब.
मठारताना हातोडी एका जागी दोनदा पडू द्यायची नाही,
वडील सांगायचे.
कानाबद्दल काही सांगायचे नाहीत.
त्यांनाही येत नव्हतं ऐकू. आमच्यात ते आजारात धरत नसत,
पिकलेल्या केसांत धरत.

नवं यंत्र मुलानं घेतलं, हप्त्यावर. शेंगदाण्याएवढं.
कॅनडा कॉर्नरला मॅडमनी फोनशी त्याची गाठ मारून दिली.
आता फोन खिशातच राहू द्यायचा,
आवाज थेट आत.

पहिला फोन आला तो मेनरोडवर, हातात कोथिंबीर.
नमस्कार सर, मी तरन्नुम बोलतेय, आपल्याला लोन हवंय का सर?
'सर'मधला स ऐकू आला.
स.
कित्येक वर्षं भेटला नव्हता.
मी कडेला झालो, म्हणालो, बोला.
ती व्याज बोलली, मुदत बोलली,
साठ महिने बोलली, साठमध्येही होताच तो.
वय विचारलं. सदुसष्ट, म्हणालो.
ती थांबली. तो थांबाही ऐकू आला,
आणि तिच्यामागं एक पंखा, पन्नासेक मुली,
प्रत्येकीचं सर, सर, सर.
सॉरी सर, वयात बसत नाही.
मी म्हणालो, तरी सांगा ना परत. पहिल्यापासून.
अकरा मिनिटं.
भाजीवाली बघत राहिली, हा बाबा कोथिंबिरीशी काय बोलतोय.

घरात मात्र वेगळंच.
पंखा, मिक्सर, खालच्या वेल्डिंगवाल्याचा ग्राइंडर,
यंत्र सगळ्यांना एकाच मापानं मोठं करतं,
समोर बसलेली कुंदा त्यात परत बुडते.
मग तिनंच शोधून काढलं. स्वयंपाकघरात गेली, फोन लावला.
येतंय का ऐकू?
येतंय.
ओरडत नाहीये मी.
कळलं.

वीस वर्षं ही बाई माझ्याशी ओरडून बोलली.
ओरडून काय बोलता येतं?
जेवायला या. गोळी घेतली का. दार लावा. बिल आलंय.
शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल, एवढंच.
मला वाटायचं, संसारात शेवटी तेवढंच उरत असेल.

आता रात्री नऊनंतर ती फोन करते. मधे एक भिंत.
हळू बोलते, कधी नुसता श्वासच.
नणंदेचं काहीबाही. गुडघा दुखत नाही म्हणाली होती ते खोटं.
आणि एक बांगडी, हरवली नव्हती म्हणे, विकली होती,
पत्रा आणायला माझे पैसे कमी पडले त्या वर्षी.
कुठली बांगडी? मी विचारलं.
हरवल्याचंही मला ऐकू आलं नव्हतं.

काल म्हणाली,
झोपेत तुमचा उजवा हात चालतो अजून. माझ्या दंडावर.
यंत्र डबीत असतं तेव्हा, म्हणून कधी बोलले नाही.
लागतं का गं?
नाही. एका जागी दोनदा पडत नाही.

मग डाव्या कानात टुण टुण. उजव्यातही.
बॅटरी गेली.
भिंतीपलीकडं ती बोलतच असणार.
मी हो म्हणालो नाही.
उठलो, चपला सापडेनात, तसाच गेलो.